थांब्यावरचा काळा कोट

प्रिय आई,

पत्र पाहून दचकू नका, इथे सगळं ठीक आहे. तुमचा लेक कामावर गेलाय आणि मी आज रजा टाकून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. रोज फोन होत असताना हिने पत्र कशाला लिहिलं असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही मला बोलू कुठे देता? ‘मी मजेत आहे, जेवलात का, ठेवते’ एवढ्यात तुम्ही मला वाटेला लावता. माहेरच्या आईलासुद्धा मी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, आणि सासूला लिहायला बसले आहे, म्हणजे प्रकरण किती गळ्याशी आलंय ते ओळखा.

सहा महिने राहायचं आणि जमलं तर कायमचंच, असं ठरवून तुम्ही आमच्याकडे आलात. ऐन थंडीत, निम्मा मुक्काम बाकी असताना, ‘इथली हवा मला मानवत नाही’ म्हणून निघून गेलात. आणि गेल्या आठवड्यात ‘आता मला परत बोलावू नका’ असं लेकाला सांगून मोकळ्या झालात. हवेचं ते कारण मी खरं मानलं होतं. काल मला कळलं की हवेचा काही संबंध नव्हता. खरं कारण मी आहे. तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. चहाचं आधण तीनदा ठेवलं आणि तीनदा आटवलं. एका दमात सांगायला गेले तर पुढचं लिहिणंच होणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. त्यातलं पुष्कळ तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने तुम्ही ते ऐकलेलं नाही.

तुम्ही आलात त्या दिवशी विमानतळावर मी तुम्हाला लांबूनच ओळखलं होतं. बाकीची माणसं चुरगळलेल्या कपड्यांत, डोळे चोळत, सामान ओढत बाहेर पडत होती आणि त्यांच्यात तुम्ही! कडक इस्त्रीची मोरपंखी साडी, खांद्यावर पदराची पिन, टाचांची सँडल, ओठांवर लिपस्टिक. एवढ्या प्रवासानंतर एक निरी इकडची तिकडे झालेली नव्हती. उभं आयुष्य साड्यांच्या दुकानात काढलेली बाई ती! नुसतं ‘बघून जाते’ म्हणून आलेल्या गिऱ्हाइकासमोर तुम्ही अंगावरच्या साडीवरच दुसरी साडी नेसून दाखवायचात आणि ती बाई दोन साड्या घेऊन जायची, हे मी लग्नाआधी स्वतः पाहिलंय. मी तुमच्यासाठी जाड जाकीट आणलं होतं. ‘राहू दे गं, गाडीपर्यंत तर जायचंय, आम्ही काय थंडी पाहिली नाही का?’ असं म्हणून तुम्ही शाल खांद्यावर टाकलीत. मग काचेचं दार उघडलं. तुम्ही एक श्वास आत घेतलात आणि जागच्या जागी थिजलात. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज बंद. तुम्हाला बोलता येत नाहीये हे दृश्य मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. गाडी गरम झाल्यावर तुम्ही म्हणालात, ‘अगं, कुणीतरी काच कुटून नाकात भरली की काय?’ आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसायला नको होतं, पण हसलो.

मग तो करंटचा प्रकार. घरातली हवा कोरडी, खाली गालिचा आणि तुमची सिंथेटिक साडी. दाराच्या मुठीला हात लावला की चट्कन ठिणगी. तुम्ही जाहीर केलंत की घराला करंट उतरलाय आणि ही पोरं एक दिवस मरणार. दोन दिवस तुम्ही सगळी दारं लाकडी उलथन्याने उघडत होतात आणि मी मुठीला हात लावला की डोळे मिटून घेत होतात. शेवटी इमारतीच्या रखवालदाराला खाणाखुणा करून वर बोलावलंत. त्या भल्या माणसाने टेस्टर घेऊन अख्खं घर तपासलं, काही नाही म्हणून मान हलवली आणि निरोप घेताना तुमच्याशी हात मिळवायला गेला, तर तुम्हा दोघांनाही असा झटका बसला की तो दारातच खाली बसला. त्या दिवसापासून तो तुमचा दोस्त झाला. तुम्ही गेलात तरी येता-जाता माझ्या डोक्याच्या वीतभर वर हात धरून, तुमची उंची दाखवत, तुमची चौकशी करतो.

माझ्या कामाचं तुम्हाला किती कौतुक! मी कपड्यांच्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवते, पुतळ्यांना कपडे चढवते, हे ऐकून तुम्ही म्हणाला होतात, ‘म्हणजे माझाच धंदा की गं, बुटके. फक्त तुझी गिऱ्हाइकं गप्प बसतात.’ पुतळ्याचा हात आधी काढून ठेवायचा, बाही चढवायची, मग हात बसवायचा. पाठीमागे चिमटे लावून कपडा अंगासरशी करायचा. बाहीत पातळ कागद भरायचा म्हणजे ती लोंबत नाही. हे सगळं तुम्ही खोदून खोदून विचारलंत. आणि भर थंडीत आम्ही खिडकीत बिनबाह्यांचे झगे लावतो, कारण दुकानाचा हंगाम नेहमी दोन महिने पुढे, हे कळल्यावर तुम्ही कपाळाला हात लावलात. ‘बाहेर माणसं कुडकुडतायत आणि तुझ्या पुतळ्यांना उकडतंय होय?’ माझ्या खिडक्या बघायला येईन असं तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात. मी म्हटलं, थंडी कमी झाली की नेईन.

थंडी कमी व्हायची होती कुठे! तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायला म्हणून गेलात आणि कानाच्या पाळ्या पांढऱ्याफटक होऊन परत आलात. मला वाटलं, कणीक-बिणीक लागली असेल. हात लावला तर दगड. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, अशा हवेत अंगावर धातू घालून बाहेर पडायचं नाही, सोनं आधी गार पडतं आणि मग कातडीला गारठवतं. ती तुमच्या कुड्या काढायला लागली. बाबा गेले तेव्हाही तुम्ही त्या काढू दिल्या नव्हत्या. साबण लावून लावून तिने एकेक मळसूत्र फिरवलं. तुम्ही छताकडे बघत होतात. घरी येईपर्यंत तुमचा हात पुन्हा पुन्हा रिकाम्या कानाकडे जात होता, आणि मी खिडकीबाहेर बघितल्याचं नाटक करत होते.

त्यानंतर तुमच्या लेकाने सगळा कारभार हाती घेतला. साडीचा घोळ बर्फात भिजायचा आणि चालता चालता असा कडक व्हायचा की बुटांवर पत्र्यासारखा वाजायचा. ‘आई, साडी आता बास,’ तो म्हणाला. ट्रॅकपँट आल्या. आणि ते जाकीट आलं. खाकी रंगाचं, गुडघ्यापर्यंत लांब, आत पिसं ठासून भरलेलं. तुम्ही ते उलटंसुलटं करून पाहिलंत आणि विचारलंत, ‘हे घालायचं की ह्यात झोपायचं?’ मग घातलंत, आरशासमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, ‘गाठोडं झालं माझं. टाका आता लाँड्रीत.’ आम्ही पुन्हा हसलो. आई, त्यानंतर तुम्ही विनोद केल्याचं मला आठवत नाही. आरशासमोरही मी तुम्हाला नंतर पाहिलं नाही. त्या वेळी हे लक्षात आलं नव्हतं. बर्फ झाडायचा, बसेस चुकायच्या, घरी आल्यावर सहा थर उतरवून वाळत घालायचे, ह्यात आम्ही गुरफटलो होतो.

लक्षात आलं ते एका दुपारी. मी लवकर घरी आले. तुम्ही खिडकीशी खुर्चीत बसला होतात. अंगात सकाळचाच गाऊन, केस विंचरलेले नाहीत, कपाळ मोकळं. मी आल्याचं कळूनही तुम्ही मान वळवली नाहीत. दूधवाल्यालासुद्धा वेणीफणी केल्याशिवाय दार न उघडणाऱ्या बाईला मी असं पहिल्यांदाच पाहिलं. मी ‘चहा टाकू का?’ असं विचारलं, तर तुम्ही ‘टाक, टाकायचा तर’ म्हणालात. आवाजही कुणा दुसऱ्याचाच. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लेकाला सांगायला गेले तर तो म्हणायचा, ‘रुळेल गं हळूहळू.’ पुरुषांना आपली आई दिसते, ती काय घालून बसलीय ते दिसत नाही.

आता थांब्यावरचा तो दिवस. मला त्या दिवशी दुकानातून आमच्या दुसऱ्या शाखेत जायचं होतं, हातात हँगरला टांगलेले झगे होते. बाहेर वारा असा की डोळे उघडवत नव्हते. दुकानासमोरच्या थांब्यावर मला काळा कोट दिसला. लांब, लोकरीचा, टोपी कपाळापर्यंत ओढलेली, मफलर नाकापर्यंत, तोंड माझ्या खिडकीकडे. तुमच्या लेकाचं ऑफिस तिथून जवळ, तो कधीमधी जेवणाच्या सुट्टीत मला भेटायला येतो. तोच कोट, तीच उंची. मी नेहमीसारखा मागून जाऊन त्याच्या कोपरात हात अडकवला आणि त्याच्याकडे न बघताच बोलायला लागले. बघण्यासारखं होतं तरी काय, दोन डोळे आणि तेही टोपीच्या सावलीत! तो उत्तर देईना ह्याचंही नवल वाटलं नाही. बाहेर तोंड उघडायचं नाही, घसा धरतो, हा त्याचाच नियम. घरात तो ‘रुळेल’ म्हणून विषय बंद करायचा, इथे त्याला तोंड उघडता येणार नव्हतं, म्हणून मला जोर चढला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, ‘आईंना परत पाठव. त्यांना इथे आणून आपण मोठी चूक केली. माझ्याच्याने त्यांच्याकडे आता बघवत नाही. घरी आलं की वाटतं, दुकानातला एक पुतळा उचलून कुणीतरी आपल्या खिडकीत बसवलाय.’

कोटाने खिडकीकडे पुन्हा एकदा बघितलं. मग त्याने मान हलवली. जाड हातमोज्यातल्या हाताने माझा हात थोपटला. तेवढ्यात माझी बस आली. मी झगे सावरत चढले आणि आतून हात केला. कोटानेही हात केला. आई, मला खूप हलकं वाटलं होतं. बसमध्ये बाकीची माणसं माझ्याकडे बघायला लागली, इतकी मी हसत होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तुम्ही ‘मला हवा मानवत नाही, माझं तिकीट काढा’ म्हणून जाहीर केलंत. तुमच्या लेकाने किती अलगद जमवलं, आईचा मान राखून तिच्याच तोंडून वदवून घेतलं, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं कौतुक केलं. संध्याकाळी त्याच्या आवडीचा स्वयंपाक केला. तुम्हीही जेवायला होतात. तुम्ही मागून भाजी घेतलीत आणि ‘छान झालीय’ म्हणालात.

आणि मग तो शेवटचा आठवडा. तुम्ही माझ्याकडून कात्री मागून घेतलीत. मी आत आले तर तुम्ही तुमच्या त्या मोरपंखी साडीचा काठ उसवून कापत होतात. साडीला कात्री लावणं म्हणजे तुमच्या दृष्टीने काय, हे मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकाने दुकानात नुसतं ‘कापून ड्रेस शिवीन’ म्हटलं तरी तुम्ही ती साडी हातातून काढून घ्यायचात. तुम्ही त्या काठाचा रुंद पट्टा केलात आणि खाकी जाकिटाच्या कमरेला आवळलात. उरलेला काठ टोपीच्या कडेला आणि बाह्यांना शिवलात. जाकिटाच्या दोन्ही बाजू आत घेतल्या. आतून लोकरीचे पायमोजे, त्यावर घोट्याच्या वर नेसलेली साडी, तिचा वीतभर रंग जाकिटाखाली, गळ्याशी पदराचाच मफलर, कानात काही नाही म्हणून गळ्यात लाकडी मण्यांची माळ, आणि लिपस्टिक. त्या वेशात तुम्ही रोज बाहेर पडायला लागलात. ना घोळ भिजला ना कान गारठले. रखवालदाराने टोपी काढून दार धरलं. रस्त्यावरच्या दोन बायकांनी तुम्हाला थांबवून खुणेने विचारलं, हे मिळतं कुठे? मी आ वासून बघत राहिले. हे माझं पोटापाण्याचं काम, आणि मला ते सुचलं नव्हतं.

मला वाटलं, घरी जायचं ठरल्यावर आईंची हौस परत आली. तुम्ही गेल्यावर मी दुकानात कोपऱ्यातल्या खिडकीत तसाच पुतळा उभा केला, जाड जाकीट, कमरेला रेशमी काठ, खाली वीतभर रंग. लोक थांबून बघायला लागले. आमच्या मालकीणबाईंनी विचारलं, कुठून सुचलं? मी फुशारकीने सांगितलं, ‘माझ्या सासूचं आहे.’ त्याचा फोटो तुम्हाला पाठवणार होते.

काल संध्याकाळी मी तुमच्या लेकाचा काळा कोट धुलाईला द्यायला काढला. थंडी उतरतेय आता. चेष्टेत म्हणून गेले, ‘काय मुखदुर्बळ माणूस आहेस तू! त्या दिवशी थांब्यावर मी एवढं काळीज काढून बोलले आणि तू नुसती मान हलवलीस.’ तो म्हणाला, ‘कुठल्या थांब्यावर?’ मी म्हटलं, ‘दुकानासमोर. आईंनी तिकीट काढायला सांगितलं त्याच्या आदल्या दिवशी.’ तो म्हणाला, ‘मी त्या दिवशी ऑफिसातून हललोच नव्हतो. आणि माझा कोट तर आईने नेला होता.’ मला काही कळेना. तो सांगत गेला. तुम्हाला माझी खिडकी बघायची होती. त्या गाठोड्यात सुनेच्या दुकानाशी जाऊन उभी राहिले तर तिच्या बरोबरीच्या बायका काय म्हणतील, म्हणून तुम्ही त्याचा कोट मागून घेतलात आणि तो जुनं जाकीट घालून गेला. बसचा नंबर त्याने तुम्हाला तळहातावर लिहून दिला. परत आल्यावर तुम्ही त्याला बजावलंत, तिला सांगू नकोस मी आले होते म्हणून, कामात लुडबुड वाटेल तिला.

मी तो कोट हातात घेऊन तशीच खाली बसले. ‘तू काय बोललीस तिला?’ त्याने विचारलं. मी सांगितलं, एक शब्द न गाळता. तो फक्त एवढंच म्हणाला, ‘पुतळा?’ आणि नुसत्या शर्टावर गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी कोट घेऊन मागे गेले, त्याने तो घेतला नाही. ओठ निळे झाल्यावर आत आला आणि म्हणाला, ‘ती मला काहीच बोलली नाही गं. उलट तुझ्या खिडकीचं कौतुक करत होती.’ तो अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतोय, आणि त्याचं चुकत नाही.

आई, माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही. मी बोलतेय आणि तुम्ही मफलरच्या आत ऐकताय. तुम्ही! एक घाव दोन तुकडे करणाऱ्या! भर दुकानात मालकाला ‘शेठ, ही साडी पक्क्या रंगाची नाही, बाईंना फसवू नका’ म्हणून सुनावणाऱ्या! नुसता मफलर खाली करून ‘बुटके, मी आहे’ म्हणाला असतात तर मी तिथल्या तिथे तुमचे पाय धरले असते. पण मी तोंडावर पडू नये म्हणून तुम्ही लेकाचं सोंग घेतलंत आणि मान हलवलीत. मला बसमध्ये नीट चढू दिलंत. आणि त्या शेवटच्या आठवड्यात जी हौस म्हणून मी मिरवत होते, तो तुमचा राग होता. पुतळा कुणाला म्हणतेस, बघ आता, असं तुम्ही मला रोज सकाळी दारातून बाहेर पडताना दाखवत होतात. मी त्या रागाचा नमुना करून खिडकीत लावला आणि वर शाबासकी घेतली.

तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मला तुमचा थोडा त्रासही होत होता. मी लावलेले डबे तुम्ही हलवायचात, माझ्या निऱ्यांपासून माझ्या भांडी विसळण्यापर्यंत सगळ्यावर तुमची नजर असायची. पण त्यासाठी मी ते बोलले नव्हते. खिडकीतली ती बाई मला बघवत नव्हती, कारण ती तुम्ही नव्हतात. तुम्ही तिकडे, आपल्या माणसांत, हवी ती साडी नेसून ताठ मानेने चालावं असं मला वाटत होतं. ते अजूनही वाटतं. चूक झाली ती अशी की हे सगळं आम्ही दोघं आपसांत ठरवत होतो. आणायचं आम्ही ठरवलं, साडी बंद आम्ही केली, जाकीट आम्ही चढवलं, आणि परत पाठवायचंही मी परस्परच ठरवलं. पुतळ्याला कपडे घालताना कुणी विचारत नाही. तुम्हालाही कुणी विचारलं नव्हतं.

हे पत्र वाचून मला माफ करा असं मी लिहिणार नाही. मी येते आहे. शनिवारी सकाळी तुमच्या दाराशी असेन, एकटी. तुमचा लेक बरोबर निघाला होता, मी नको म्हटलं. तो असला की तुम्ही त्याच्यादेखत मला पाठीशी घालाल. आणि न कळवता आले तर तुम्ही ‘दमली असशील’ म्हणून पाण्याचा तांब्या पुढे कराल, विषय तिथेच बुजेल, आणि आपण दोघी आयुष्यभर एकमेकींशी गोडगोड बोलत राहू. ते मला नको आहे. म्हणून पत्र आधी कुरियरने पाठवतेय, मंगळवारपर्यंत तुमच्या हातात पडेल. रागवायला तुमच्याकडे चार दिवस आहेत. जे त्या दिवशी थांब्यावर तोंडाशी आलं होतं आणि तुम्ही गिळलंत, ते सगळं मला ऐकायचं आहे, शेजारी गोळा झाले तरी चालतील. तुमचं बोलून होईपर्यंत मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहीन. आत घ्यायचं की नाही, ते मग तुम्ही ठरवा.

अजून म्हणू देणार असाल तर तुमचीच,
बुटकी